कापसाचा ट्रक आणि धावपट्टीचं टोक

जळगावला विमान उतरायला लागलं की केबिनमधले कर्मचारी ठरलेल्या सूचना देत फिरतात. पट्टा बांधा, पाठ सरळ करा, समोरचं टेबल मिटवा, खिडकीची झडप वर करा. पट्ट्याचं समजतं, पण खिडकीच्या झडपेचा आणि सुरक्षिततेचा संबंध काय? झडप उघडी असली काय नि मिटलेली असली काय, विमान वैमानिकच उतरवणार. कारण असं की, जमिनीवर आल्यावर विमान पेटलं तर आग कोणत्या बाजूला आहे हे आतून दिसायला हवं, म्हणजे त्या बाजूचं दार कोणी उघडणार नाही. बाहेरच्या बचाव पथकालाही आत पाहता यायला हवं, आणि बाहेरच्या उजेडाला किंवा अंधाराला प्रवाशांचे डोळे आधीच सरावलेले हवेत. टेबल मिटवायचं ते खिडकीकडच्या माणसाची वाट अडू नये म्हणून. वाटेत पायाशी दिव्यांची एक ओळ असते, तिच्यामागे 2 जून 1983 चा अपघात आहे. त्या दिवशी एअर कॅनडाचं एक विमान हवेत असतानाच आतून पेटलं आणि तरीही अमेरिकेतल्या सिनसिनाटीला व्यवस्थित उतरलं. आत 46 जण होते. त्यांतले 23 जण उतरल्यानंतर, दारापर्यंत न पोचल्यामुळे गेले. धूर वर चढतो आणि छतातले दिवे सगळ्यात आधी गिळतो. रांगणाऱ्या माणसाला दिसेल असा दिवा जमिनीलगतच हवा, हे तेव्हा कळलं.

आता जळगाव-धुळे महामार्गावरचा एखादा अपघात घ्या. दुसऱ्या दिवशी पेपरात कारण छापून येतं : भरधाव वेगामुळे चालकाचा ताबा सुटला. हे खोटं नसतं, पण ते कारणही नसतं. ते अपघाताचंच दुसऱ्या शब्दांतलं वर्णन असतं. ताबा सुटला म्हणूनच तर अपघात झाला. तो का सुटला, चालक किती तास जागा होता, वळणावर फलक होता का, दुभाजकाला रात्री चमकणारी पट्टी होती का, हे विचारायच्या आत फाईल बंद होते. विमानक्षेत्राने गेल्या सत्तर वर्षांत वेगळं काय केलं असेल, तर 'ताबा सुटला' या वाक्यावर थांबायला नकार दिला. नेहमी नाही दिला, त्याकडे पुढे येऊच. पण जिथे दिला तिथे नियम बदलले.

बीड रस्ता, दुपारी एकची वेळ

या पद्धतीचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. खानदेशातून घाट चढून वर गेलं की औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. 26 एप्रिल 1993 रोजी दुपारी एकच्या सुमारास तिथल्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं 491 क्रमांकाचं विमान मुंबईला निघालं. बोइंग 737 जातीचं हे विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलं होतं. आत 118 जण होते. ते धावपट्टीवरून उचललं, पण जवळजवळ टोकाशी. टोकाच्या पलीकडे सुमारे 410 फुटांवर बीड रस्ता, आणि त्या रस्त्यावरून त्याच क्षणी रुईच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकातून असे ट्रक बाहेर पडताना खानदेशात कोण पाहत नाही? विमानाची डावी चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर, रस्त्यापासून साधारण सात फूट उंचीवर, आदळला. सात फूट म्हणजे घराच्या दाराच्या चौकटीएवढी उंची. जखमी विमान तसंच पुढे गेलं, सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना लागलं आणि जमिनीवर कोसळलं. 55 जणांचा मृत्यू झाला.

थोडा हिशोब करू. अशा विमानाचा उड्डाणाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला जवळपास 70 मीटर. 410 फूट म्हणजे 125 मीटर. धावपट्टीचं टोक आणि ट्रक यांच्यामध्ये दोन सेकंदही नव्हते. विमानाने नाक दोन सेकंद आधी वर केलं असतं, किंवा ट्रकचालक टपरीवर चहाला थांबला असता, तर त्या दिवसाची कुठेही नोंद झाली नसती.

चौकशी अहवालाने कारण दिलं ते दुहेरी. एक, वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं. दोन, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची जबाबदारी तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने पार पाडली नाही. यातलं दुसरं वाक्य मोलाचं आहे. पहिल्याच वाक्यावर अहवाल संपला असता तर लोकांचं समाधान झालं असतं. वैमानिकांना शिक्षा, विषय बंद. पण मग रस्ता तिथेच राहिला असता, ट्रक येत-जात राहिले असते आणि पुढच्या एखाद्या उशीर झालेल्या उड्डाणाची वाट पाहत बसले असते. रेल्वेला फाटक लागतं हे आपल्याला शंभर वर्षांपासून माहीत आहे. धावपट्टीच्या टोकाशी जाणाऱ्या रस्त्यालाही फाटकच लागतं, हे मात्र 55 माणसं गेल्यावर ठळकपणे कागदावर आलं.

पायली तीच, पण लाह्यांची

'उशिरा' या शब्दाचा खरा अर्थ कळायला उन्हाळ्यातली हवा समजून घ्यावी लागेल, आणि ते समजायला खानदेशी माणसाइतका लायक वाचक दुसरा नाही. विमान वर जातं कारण त्याचे पंख समोरून येणारी हवा खाली ढकलतात आणि त्या बदल्यात स्वतः वर ढकलले जातात. किती हवा ढकलली, म्हणजे किती वजनाची हवा ढकलली, यावर सगळं अवलंबून. आता एक पायली ज्वारी घ्या आणि तीच पायली ज्वारीच्या लाह्यांनी भरा. माप तेवढंच, वजन कितीतरी कमी. उन्हाने हवेचं असंच होतं. तापली की ती फुगते, आणि तेवढ्याच जागेत वजनाने कमी हवा मावते. विमानाची गणितं 15 अंश सेल्सिअस तापमान आणि समुद्रसपाटी धरून मांडलेली असतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो, तेव्हा हवा केवळ उष्णतेने नऊ-दहा टक्के विरळ झालेली असते. पठारावरच्या, जवळपास 1,900 फूट उंचीवरच्या चिकलठाण्याला 40 अंशांच्या दुपारी उष्णता आणि उंची मिळून ही घट 14 टक्क्यांच्या घरात जाते.

पंखांना हवा कमी, इंजिनालाही श्वास कमी. म्हणून विमानाला जास्त वेग गाठावा लागतो आणि तो गाठायला जास्त पळावं लागतं. धावपट्टी तर वाढत नाही. म्हणजे पहाटे जिच्यात भरपूर शिल्लक उरते तीच धावपट्टी दुपारी काठोकाठ होते, आणि पहाटे खपून जाणारा नाक उचलण्यातला दोन सेकंदांचा उशीर दुपारी जीवघेणा ठरू शकतो. छोट्या धावपट्टीवरून उन्हाळ्यात उडणाऱ्या विमानात कधी कधी सीट मोकळ्या सोडतात किंवा सामान मागे ठेवतात ते याचसाठी. बॅग दुसऱ्या दिवशी आली म्हणून काउंटरवर आवाज चढवण्याआधी ज्वारीच्या लाह्या आठवायला हरकत नाही.

गोधडीचे थर

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघातांबद्दल एक कल्पना मांडली, ती जगभर चीजच्या भोकं असलेल्या कापांच्या नावाने ओळखली जाते. आपल्याला त्यापेक्षा गोधडी जवळची. गोधडीत जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर असतात आणि एकही थर धड नसतो; प्रत्येकाला कुठेतरी विरलेली जागा असते. तरी थंडी आत येत नाही, कारण एका थराचं भोक दुसरा थर झाकतो. ज्या दिवशी सगळ्या थरांची भोकं एकाच जागी येतात त्या दिवशी गार वारा थेट अंगाला लागतो. चिकलठाण्याला वैमानिकाचं कौशल्य हा एक थर, धावपट्टीची लांबी दुसरा, रस्त्यावरचं नियंत्रण तिसरा, विजेच्या तारांची जागा चौथा. कुठलाही एक थर शाबूत असता तरी बरंच काही वाचलं असतं. आज तिथली धावपट्टी 9,000 फुटांहून लांब आहे.

चौकट : तीन शब्द
*रोटेशन* म्हणजे ठरलेल्या वेगाला विमानाचं नाक वर उचलणं. आधी उचललं तर विमान उडत नाही, उशिरा उचललं तर धावपट्टी संपते. *गो-अराउंड* म्हणजे उतरणं नीट जमत नाही असं दिसताच पुन्हा वर जाऊन फेरी मारून येणं. यात कमीपणा काही नाही. *ब्लॅक बॉक्स* काळा नसतो, नारंगी असतो, ढिगाऱ्यात चटकन दिसावा म्हणून. एकात विमानाचा वेग, उंची वगैरे माहिती आणि दुसऱ्यात वैमानिकांच्या कक्षातले आवाज साठतात.

अंदाजाचं औषध

कारण शोधण्याआधी उपाय केला तर काय होतं, ते जगाला 'कॉमेट'ने शिकवलं. प्रवासी वाहतूक करणारं हे पहिलं जेट विमान. 10 जानेवारी 1954 रोजी एक कॉमेट इटलीतल्या एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं आणि 35 जण गेले. कंपनीने उड्डाणं थांबवली, आग लागली असेल वगैरे शक्यता धरून बऱ्याच दुरुस्त्या केल्या आणि मार्चमध्ये पुन्हा विमानं सोडली. 8 एप्रिलला दुसरं कॉमेट नेपल्सजवळच्या समुद्रात पडलं. आणखी 21 मृत्यू. मग मात्र इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे एक अख्खं विमान पाण्याच्या हौदात बसवलं आणि त्यात पाण्याचा दाब वाढवत-उतरवत हजारो उड्डाणांची नक्कल केली. शेवटी सांगाडा फाटला. उंचावर आतला हवेचा दाब पत्रा बाहेर ढकलतो, खाली आल्यावर तो पूर्ववत होतो; प्रत्येक उड्डाणात हा ताण एकदा येतो आणि जातो. लोखंडी तार हाताने मागेपुढे वाकवत राहिलं की ती पटकन तुटते, तसंच हे. धातू थकतो. याच कॉमेटच्या चौकशीशी संबंध आलेल्या डेव्हिड वॉरन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला वैमानिकांच्या कक्षातले आवाज टिपणाऱ्या यंत्राची कल्पना सुचली.

यावर कोणी म्हणेल की विमानं सुरक्षित झाली ती यंत्रं सुधारली म्हणून, अपघातांपासून धडे घेतले म्हणून नव्हे. पण ती यंत्रं विमानात बसवणं सक्तीचं कशामुळे झालं? 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं आकाशात एकमेकांवर आदळली आणि 349 जण गेले. टक्कर टाळण्याचा इशारा देणारं यंत्र त्याआधीही अस्तित्वात होतं. भारतात ते सक्तीचं झालं त्यानंतर.

शेजारच्या खुर्चीतला आवाज

यंत्रापेक्षा अवघड प्रश्न माणसाचा. 22 मे 2010 रोजी मंगळूरला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. 158 मृत्यू, वाचले 8. चौकशीचं नेतृत्व निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होतं. अहवाल सांगतो की विमान ठरलेल्या उतारापेक्षा वर होतं, उतरणं बिघडलं होतं, सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंड सुचवलं होतं, तरी कॅप्टनने उतरणं चालूच ठेवलं. दहा वर्षांनी, 7 ऑगस्ट 2020 ला, कोळिकोडच्या तशाच डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर त्याच कंपनीचं विमान पावसात, पाठीमागून वारा असताना उतरलं. कॅप्टन दीपक साठे, हवाई दलात काम केलेले, मुरलेले वैमानिक. 8,858 फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती 4,438 फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर. याही वेळी सहवैमानिकाने गो-अराउंड सांगितलं होतं. दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले.

दोन अपघात, दहा वर्षांचं अंतर आणि न ऐकलेला आवाज तोच. इथे 'ज्येष्ठ वैमानिकांचा हेका' असं म्हणून उठणं सोपं आहे. पण कोळिकोडच्या अहवालाने पुढचं पाऊल टाकलं. कॅप्टनच्या बाजूचा काच पुसणारा वायपर बंद पडला होता हे नोंदवलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांनाच न्यायचं होतं आणि कोळिकोडला कॅप्टन पुरेसे नव्हते, त्यामुळे तिथेच उतरण्याची ओढ वाढली असावी, हेही लिहिलं. म्हणजे धावपट्टीवर जे घडलं त्याचा एक धागा ऑफिसातल्या ड्यूटीच्या तक्त्यापर्यंत जातो. ज्येष्ठांपुढे कनिष्ठाने किती आणि कसं बोलावं हा तर आपल्या घराघरांतला प्रश्न आहे. सुनेने सासऱ्याला, शिकाऊ डॉक्टरने सरांना, क्लीनरने ड्रायव्हरला 'थांबा' म्हणणं आपल्याकडे उद्धटपणात जमा होतं. 1977 मध्ये टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळून 583 जण गेले, तेव्हाही फ्लाइट इंजिनिअरने धावपट्टी मोकळी आहे ना अशी शंका काढली होती आणि कॅप्टनने ती उडवून लावली होती. त्यानंतर कनिष्ठाने आवाज चढवणं आणि ज्येष्ठाने तो ऐकणं हे प्रशिक्षणाचाच भाग झालं. ते शिकवलं जातं याचा अर्थ ते अंगी बाणलं असा नव्हे. मंगळूरनंतरचं कोळिकोड हाच त्याचा पुरावा. धडा अहवालात उतरला म्हणजे तो खुर्चीत बसलेल्या माणसात उतरतोच असं नाही, आणि आपल्या विमानक्षेत्राची ही उणीव झाकण्यात अर्थ नाही.

मग दोषी कोणीच नाही?

मृतांच्या नातेवाइकांना ही सगळी चर्चा पळवाट वाटू शकते, आणि तो राग समजण्यासारखा आहे. पण इथे दोन कामं वेगळी ठेवलेली आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या नियमांनुसार अपघात तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे. दोष ठरवणं, भरपाई ठरवणं हे काम पोलिसांचं आणि न्यायालयांचं. दारू पिऊन विमान चालवणं आणि थकल्यामुळे आकडा चुकीचा वाचणं यांना एका तराजूत तोलता येत नाही. दुसऱ्यालाही पहिल्याएवढीच शिक्षा दिली तर माणसं सुधारत नाहीत, लपवायला लागतात. आणि सगळ्यांपर्यंत न पोचलेल्या चुकीची किंमत किती असते ते 1 डिसेंबर 1974 ला वॉशिंग्टनजवळ दिसलं. टीडब्ल्यूए कंपनीचं विमान नियंत्रकाच्या सूचनेचा चुकीचा अर्थ लागून डोंगरावर आदळलं आणि 92 जण गेले. सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगराला थोडक्यात चुकलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्यांपर्यंत मात्र ते पोचलं नाही. 1976 मध्ये अमेरिकेने चुका निनावी कळवण्याची व्यवस्था उभी केली, ती यातूनच.

खरी शंका घ्यायची तर तपास करणाऱ्याच्या स्वातंत्र्याबद्दल घ्यावी. भारतात 2012 पासून विमान अपघात तपास विभाग वेगळा आहे, पण तो ज्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो त्याच मंत्रालयाखाली नियम करणारं महासंचालनालयही आहे. गंमत अशी की रेल्वे अपघातांची चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाखाली नाही. तो येतो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली, तपासणाऱ्याने स्वतःलाच तपासू नये म्हणून. जे तत्त्व रेल्वेला लावलं ते विमानाला अजून पुरतं लागलेलं नाही.

आपल्या शिवारात

ही पद्धत विमानापुरती नाही. 22 जानेवारी 2025 ला पाचोऱ्याजवळ परधाडे आणि माहेजी स्टेशनांच्या दरम्यान पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, लोक शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान 12 जण गेले. 'प्रवाशांनी उड्या मारल्या' हे त्याचं 'ताबा सुटला'च आहे. खरे प्रश्न त्यापुढचे : अफवा खोटी आहे हे डब्यात कोण सांगणार होतं? शेजारच्या रुळावर गाडी येते आहे हे उतरणाऱ्याला कसं कळणार होतं? वळणावर आलेल्या दुसऱ्या चालकाला थांबण्याचा इशारा किती सेकंद आधी मिळू शकला असता?

विमानांचंही आपल्याकडे आता रोजचं झालं आहे. जळगावचा विमानतळ, धुळ्याजवळची गोंदूरची धावपट्टी, शिरपूरची धावपट्टी. शिकाऊ विमानांची घरघर सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत ऐकू येते. 16 जुलै 2021 ला त्यांतलंच एक चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी तरुणी जबर जखमी होती. गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आदिवासी बायामाणसं धावली, एका बाईने अंगावरचं लुगडं सोडून दिलं, त्याची झोळी करून त्या मुलीला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणलं.

असा प्रसंग पुन्हा कोणाच्या शेतावर आला तर जखमींना आधी हलवा, ढिगाऱ्याजवळ विडी-काडी पेटवू नका, कारण इंधन सांडलेलं असतं, आणि 112 वर फोन करा. माणूस वाचवण्यासाठी लागेल तेवढंच उचला. बाकीचा पत्रा, तार, स्क्रू, कागद, काहीही जिथे पडलं असेल तिथेच राहू द्या, बांधाच्या पलीकडे पडलं असलं तरी. मोबाइलवर काही टिपलं गेलं असेल तर ते गावभर पाठवण्याआधी तपास पथकाला दाखवा. कोणता तुकडा कुठे पडला होता, यावरूनच तपास सुरू होतो.